अँटेना काढली तरी एसडब्ल्यूआर २: एका फोल्डेड डायपोलच्या मॅचिंगचा अभ्यास

"काका, मीटर १.६ दाखवतोय, म्हणजे मॅचिंग ठीकच असणार. मग कऱ्हाडला माझा आवाज खरखरीत का बुडतो?"

मार्चमधल्या एका रविवारी आमच्या गल्लीतला इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी ही तक्रार घेऊन आला. मीटर म्हणजे एसडब्ल्यूआर मीटर: अँटेनाकडे पाठवलेल्या ऊर्जेतली किती परत फिरते ते तो सांगतो. आकडा १ म्हणजे काहीच परत येत नाही, केबल आणि अँटेना यांची जुळणी (मॅचिंग) अचूक. हॅम रेडिओचा परवाना हाती येऊन त्याला दोनच महिने झाले होते. घर साताऱ्यात, दोन मीटर बँडवर २५ वॅटची मोबाइल रिग (रेडिओ संच), आणि गच्चीवर स्वतःच्या हातांनी बनवलेला फोल्डेड डायपोल. कऱ्हाड तिथून पन्नासेक किलोमीटर. कृष्णेच्या खोऱ्यातून सरळ खाली जायचं, त्यामुळे एवढ्या ताकदीवर रिपीटरशिवाय, म्हणजे मध्ये सिग्नल पुढे पाठवणारं केंद्र न वापरता, एफएमवर बोलणं व्हायला हरकत नव्हती. पण समोरचा सांगायचा, "तुझं अर्धं वाक्य मिळतं, अर्धं अंदाजानं घेतो."

पुढचे तीन रविवार आम्ही त्याच डायपोलवर घालवले. दुरुस्ती झालीच. पण हे सगळं लिहून ठेवतोय ते वेगळ्या कारणासाठी. या प्रकरणात शॅकमधला, म्हणजे रेडिओच्या खोलीतला मीटर पहिल्या दिवसापासून चांगलाच आकडा दाखवत होता, आणि एकदा तर साफ चुकलेल्या जोडणीलाही त्यानं जवळपास पैकीच्या पैकी गुण दिले.

काय होतं गच्चीवर

दहा मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या दोन समांतर नळ्या, मधलं अंतर ५० मिलिमीटर, उंची ९८ सेंटिमीटर, दोन्ही टोकं पट्टीनं जोडलेली. एक नळी अखंड, दुसरी मध्यावर कापलेली, आणि त्या कापावर कोॲक्स थेट जोडलेली: आतली तार एका टोकाला, जाळी दुसऱ्या टोकाला. तिथून खाली शॅकपर्यंत आरजी-५८ जातीची २५ मीटर कोॲक्स. घर दुमजली, शॅक तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत, म्हणून केबल एवढी लांब.

नळ्यांचं काम त्यानं सुरेख केलं होतं. कोपरे काटकोनात, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. फोल्डेड डायपोल का निवडला, असं विचारल्यावर त्यानं दिलेली कारणंही बरोबर होती. साध्या डायपोलपेक्षा याची बँडविड्थ जास्त, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा आपला सगळा बँड सहज झाकला जातो. शिवाय अखंड नळीच्या मध्यबिंदूवर व्होल्टेज जवळजवळ शून्य असतं, त्यामुळे तो बिंदू थेट धातूच्या आडव्या दांड्यावर बोल्टनं आवळता येतो, इन्सुलेटर लागत नाही.

मॅचिंगचं काय केलंस, असं विचारल्यावर तो थोडा अडखळला. पुस्तकात ३०० ओहम लिहिलेलं त्यानं वाचलं होतं. पण थेट ५० ओहमची केबल जोडून पाहिली तर मीटरवर १.६ आला. त्यावरून त्यानं तर्क केला, की जवळच्या लोखंडी पाइपमुळे अँटेनाचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध, ओहममध्ये) आपोआप खाली आला असावा. तर्क वाईट नव्हता. जवळच्या धातूनं इम्पीडन्स बदलतो हे खरंच आहे. पण तीनशेचे ऐंशी होण्याइतका?

चौपट का होतो

साधा अर्धलहरी डायपोल मोकळ्या जागेत मध्यावर साधारण ७३ ओहम दाखवतो. त्याच्याशेजारी तेवढ्याच जाडीची दुसरी तार ठेवून टोकं जोडली, की अँटेनातला एकूण प्रवाह दोन तारांत निम्मा निम्मा वाटला जातो आणि दोन्हीकडे एकाच दिशेनं वाहतो. दूरवर जाणारी लहर दोघांच्या बेरजेची, म्हणून प्रक्षेपण जवळपास तेच. आपण मात्र एकाच तारेत ऊर्जा ढकलतो, त्यामुळे जोडणीच्या जागी प्रवाह निम्मा. ताकद म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. प्रवाह निम्मा करून तीच ताकद द्यायची तर रोध चौपट हवा. ७३ चोक २९२.

आरसीए कंपनीत फिलिप कार्टर यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात या रचनेवर काम केलं, ते टेलिव्हिजन डोळ्यांसमोर ठेवून. आपल्याकडेही दूरदर्शनच्या काळात घराघरांवर जी यागी अँटेना दिसायची, तिच्यात मधला लांबट गोल आकार होता तो हाच फोल्डेड डायपोल, आणि त्यातून खिडकीत उतरणारी चपटी रिबन वायर ३०० ओहमची. माझ्या पिढीतल्या अनेकांनी मॅचिंगचा पहिला धडा कळत नकळत त्या वायरीवरच गिरवला आहे.

२९० ओहमच्या अँटेनाला ५० ओहमची केबल जोडली तर एसडब्ल्यूआर ५.८ यायला हवा. मीटर सांगत होता १.६. दोघांपैकी कोण खोटं?

केबल काढून पाहिली

मी त्याला गच्चीवर पाठवलं. "डायपोलपासून केबल सोड आणि टोक हवेत मोकळं ठेव." स्वतः खाली शॅकमध्ये बसलो. उघड्या केबलवर रिग दाबायची नाही, म्हणून माझा नॅनोव्हीएनए, अँटेना मोजायचं छोटं यंत्र, जोडला. तो इवलीशी ताकद वापरतो.

आकडा आला २.०.

तो खाली आला आणि पडद्याकडे बघतच राहिला. अँटेनाच नाही, केबलचं टोक हवेत लोंबतंय, तिथून शंभर टक्के ऊर्जा परत फिरायला हवी. म्हणजे एसडब्ल्यूआर अनंत. आणि इथे दोन?

उत्तर केबलच्या आत होतं. आरजी-५८ दोन मीटरवर दर मीटरला जवळजवळ ०.२ डेसिबल खाते. २५ मीटरला ४.८ डेसिबल. वर जाताना ४.८, परत फिरून खाली येताना पुन्हा ४.८. मीटरपर्यंत पोचणारी परतीची लहर ९.६ डेसिबलनं क्षीण झालेली, आणि ९.६ डेसिबल रिटर्न लॉस म्हणजेच एसडब्ल्यूआर २. केबल किती खाते हे मोजायची याहून सोपी रीत मला माहीत नाही: टोक उघडं ठेवा, खाली रिटर्न लॉस मोजा, दोनानं भागा.

आता १.६ चा उलगडा आपोआप होतो. वर ५.८ असेल तर रिटर्न लॉस ३ डेसिबल. त्यात ९.६ मिळवा, १२.६ होतात. त्याचा एसडब्ल्यूआर १.६. दशांशापर्यंत जुळलं. पुस्तक खरं होतं, मीटरही खरं तेच सांगत होता, फक्त तो शॅकमधल्या टोकाचं सांगत होता.

मग आम्ही दोघं नॅनोव्हीएनए घेऊन वर गेलो, वीतभर तुकड्याच्या टोकाशी कॅलिब्रेशन केलं आणि डायपोलवरच मोजलं. २८० ते ३०० ओहम. आकडा स्थिर मात्र नव्हता. केबलवरून हात फिरवला की हलायचा. ही दुसरी तक्रार होती आणि ती पहिलीइतकीच महत्त्वाची. डायपोल समतोल असतो, दोन्ही टोकं एकमेकांच्या उलट. कोॲक्स समतोल नसते. मध्ये काहीच नसलं तर जाळीच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह वाहू लागतो आणि केबलच अँटेनाचा भाग होते.

नुकसानीचा हिशोब असा: जुळणी बिघडलेली असल्यानं ऊर्जा केबलमध्ये पुन्हा पुन्हा येरझाऱ्या घालते आणि ४.८ चा तोटा साडेसात डेसिबलपर्यंत जातो. रिगमधून निघालेल्या २५ वॅटपैकी अँटेनापर्यंत पोचत होते साडेचार वॅटसुद्धा नाहीत.

पहिला उपाय, जो उपाय नव्हता

जुना मार्ग म्हणजे ३०० ओहमची रिबन थेट शॅकपर्यंत. कोरडी असेल तर ती आरजी-५८ पेक्षा कितीतरी कमी खाते. पण ती लोखंडी ग्रिलला, पाइपला, भिंतीला चिकटवून नेता येत नाही, आणि साताऱ्याच्या पावसात भिजली की तिचे गुण बदलतात. आमच्या वाटेत पाण्याची टाकी, जिन्याचं ग्रिल आणि दोन छज्जे होते. तो विचार तिथेच सोडला.

ठरला तो कोॲक्सच्या अर्धलहरी तुकड्याचा बलून, म्हणजे समतोल अँटेना आणि असमतोल केबल यांची सांगड घालणारा जोड. मुख्य केबलची आतली तार डायपोलच्या एका टोकाला. त्याच टोकापासून कोॲक्सचा एक तुकडा निघतो, वळसा घेऊन दुसऱ्या टोकाला येतो. तिन्ही जाळ्या एकत्र जोडलेल्या. तुकडा विद्युतदृष्ट्या बरोबर अर्ध्या लहरीचा असेल तर दुसऱ्या टोकाला तेच व्होल्टेज उलटं होऊन पोचतं. दोन टोकांत मिळून व्होल्टेज दुप्पट, प्रवाह निम्मा, म्हणजे इम्पीडन्स चौपट. समतोलही साधतो आणि २९० चे ७२ ही होतात. पैसे जवळजवळ शून्य.

हे मी त्याला सांगितलं आणि पुढच्या रविवारपर्यंत तो स्वतःच बनवून मोकळा झाला. फोनवर आवाजात आनंद मावत नव्हता. "काका, शॅकमध्ये १.१!"

गेलो. वर मोजलं: १.५. वाईट नाही. पण केबलवर हात फिरवला तर आकडा अजूनही डोलत होता. समतोल साधणारा बलून लावल्यावर असं व्हायला नको. कऱ्हाडचा रिपोर्टही थोडाच सुधारला होता.

तुकडा सोडून मोजपट्टी लावली. ६८२ मिलिमीटर. हिशोब त्यानं बरोबर केला होता: १४५ मेगाहर्ट्झची अर्धी लहर हवेत १०३४ मिलिमीटर, गुणिले ०.६६. हवेच्या तुलनेत केबलमध्ये लहर किती वेगानं धावते ते सांगणारा हा ०.६६ चा गुणक घन पॉलिथिनच्या कोॲक्सचा असतो, आरजी-५८ चा, आरजी-२१३ चा. तुकडा मात्र त्यानं केबल टीव्हीच्या उरलेल्या आरजी-६ मधून कापला होता, आणि त्याच्या आत फोम होता. फोममध्ये लहर जास्त वेगानं धावते.

गुणक छापील तक्त्यातून घेण्यापेक्षा त्याच गुंडाळीवर मोजणं चांगलं. एक मीटरचा तुकडा कापला, एक टोक उघडं ठेवलं, दुसऱ्याला नॅनोव्हीएनए. वारंवारता खालून वर नेत गेलं की एका जागी इम्पीडन्स धाडकन शून्याजवळ येतो. तिथे तो तुकडा पाव लहरीचा असतो. घन पॉलिथिन असतं तर हे ५० मेगाहर्ट्झच्या आसपास घडलं असतं. आमचं घडलं ६२ वर. गुणक ०.८३ च्या जवळ. म्हणजे वळशाला हवी होती ८५५ मिलिमीटर केबल, आणि आम्ही १७ सेंटिमीटर कमी दिली होती. १८० अंशांऐवजी सुमारे १४४ अंश.

यात मला सगळ्यात बोलका वाटलेला भाग पुढे आहे. कागदावर गणित करून पाहिलं, की २९० ओहमच्या डायपोलवर हा आखूड वळसा लावला तर केबलला काय दिसेल? उत्तर आलं ५२ ओहम आणि सोबत २० ओहमचा प्रेरक रिॲक्टन्स. एसडब्ल्यूआर १.५. आणि वळसा अचूक असता तर? ७२ ओहम, एसडब्ल्यूआर १.४५. आरजी-५८ मधून खाली पाहिलं तर दोन्हीकडे १.१ च. बरोबर आणि चूक यांतला फरक एसडब्ल्यूआरमध्ये उमटतच नव्हता. तो उमटत होता टोकांवर. एकीकडे व्होल्टेज शंभर असेल तर दुसरीकडे ऐंशीच्या थोडं वर, आणि त्यांच्यातला कोन १८० ऐवजी १६०. हा असमतोल जाळीच्या बाहेरून वाट काढत होता. तो पकडला केबलवर फिरवलेल्या हातानं.

८५५ चा वळसा लावला. मोजताना जाळीपासून जाळीपर्यंतची लांबी धरायची, बाहेर काढलेल्या तारेच्या शेपट्या होतील तितक्या तोकड्या ठेवायच्या. आता हात फिरवून आकडा हलेना.

इथे त्यानं फार चांगला प्रश्न विचारला. "काका, वळसा ७५ ओहमच्या केबलचा आहे आणि आपली सगळी जोडणी ५० ची. हे चालतं?" चालतं. अर्ध्या लहरीची लाइन, तिचा स्वतःचा इम्पीडन्स काहीही असो, एका टोकाला जे असेल तेच दुसऱ्या टोकाला दाखवते, फक्त उलटं करून. लांबी अचूक हवी, एवढीच अट. बँडच्या कडांना थोडा फरक पडतो, पण १४५ च्या दोन्ही बाजूंना एकेक मेगाहर्ट्झ म्हणजे काहीच नाही.

७२ चे ५०

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. १.४५ च्या एसडब्ल्यूआरनं कुणाचं काही बिघडत नाही, चांगल्या केबलवर त्याचा तोटा जाणवतही नाही. पण पोराला ते टोचत होतं आणि मला त्याचं ते टोचणं आवडलं.

पाव लहरीचा तुकडा मध्ये घालून ७२ चे ५० करायचे तर तो ६० ओहमचा हवा. तसली केबल साताऱ्यात शोधण्यापेक्षा अँटेनाच बदलणं सोपं. चौपट होतं ते दोन्ही नळ्या सारख्या जाडीच्या असतात म्हणून. जाडी वेगळी केली की प्रवाहाची वाटणी बदलते. ज्या नळीत ऊर्जा देतो ती जाड केली तर तिच्या वाट्याला जास्त प्रवाह येतो आणि गुणक चारच्या खाली उतरतो. बारीक केली तर चारच्या वर.

आम्हाला हवे होते २०० ओहम, कारण २०० ला चारनं भागलं की नेमके ५०. म्हणजे गुणक २.७४. सूत्र असं: मधल्या अंतराच्या दुपटीला जोडणीच्या नळीच्या व्यासानं भागून त्याचा लॉग घ्यायचा. तसाच दुसऱ्या नळीचा घ्यायचा. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं, त्यात एक मिळवायचा आणि वर्ग करायचा. अंतर ५० मिलिमीटर, जोडणीची नळी १६ ची, अखंड सळई ६ ची, असं धरलं: १०० भागिले १६ चा नैसर्गिक लॉग १.८३, १०० भागिले ६ चा २.८१. भागाकार ०.६५. १.६५ चा वर्ग २.७३. गुणिले ७३, बरोबर १९९.

दोन्ही माप बाजारात सहज मिळतात. अडचण यांत्रिक होती. पूर्वी जाड अखंड नळीवर सगळा भार पेलला जायचा, आता अखंड होती ती बारीक सळई. वाऱ्यात ती वाकणार. म्हणून जाड नळीच्या दोन भागांच्या मध्ये नायलॉनचा ठोकळा घातला आणि तोही आडव्या दांड्याला बांधला. टोकाच्या पट्ट्या सरकत्या ठेवल्या, त्यामुळे लांबी जुळवताना करवत लागली नाही. तांब्याची तार थेट ॲल्युमिनियमवर आवळली नाही. पावसात त्या दोन धातूंचं पटत नाही, म्हणून मध्ये टिनचा मुलामा असलेले लग आणि स्टेनलेस वॉशर.

वर मोजलं: १४५ वर १.१५, बँडच्या दोन्ही कडांना १.३ च्या आत. दांडा आणि पाइप जवळ असताना याहून जास्त अपेक्षा मी करत नाही.

केबल बदलली ती शेवटी. आरजी-२१३, तेवढ्याच लांबीला सुमारे २.२ डेसिबल. क्रम उलटा ठेवला असता, म्हणजे आधी चांगली केबल आणली असती, तर शॅकमधला मीटर १.६ वरून अडीचच्या आसपास गेला असता, आणि नव्या केबलमुळे बिघडलं असं वाटून त्यानं ती परत केली असती, याची मला खात्री आहे.

आता २५ पैकी १५ वॅट अँटेनापर्यंत जातात. साडेचारवरून पंधरा, सव्वापाच डेसिबलची भर. एसएसबी या बोलण्याच्या दुसऱ्या पद्धतीवर ही भर एका एस-युनिटपेक्षाही, म्हणजे सिग्नल मोजायच्या एका पायरीपेक्षाही कमी. पण एफएमला उंबरठा असतो. सिग्नल त्याच्या जरा खाली असला की खरखर आवाजाला गिळते, जरा वर चढला की एकदम स्वच्छ. हा मुलगा त्या उंबरठ्यावरच अडकलेला होता. कऱ्हाडच्या मित्राचं त्या रविवारचं पहिलं वाक्य होतं, "रिग बदललीस का?"

एप्रिलच्या शेवटी त्याचा घाबऱ्याघुबऱ्या फोन आला, की मल्टिमीटरवर केबल शॉर्ट दाखवतेय. शॉर्ट असायलाच हवी होती. बलूनच्या जाळ्या आम्ही दांड्याला जोडल्या होत्या आणि सळईचा मध्यही तिथेच आवळलेला. डीसीसाठी सगळं एकच. वळवाच्या ढगांनी साचणारा स्थिर विद्युतभार त्या वाटेनं पाइपात आणि जमिनीत उतरतो. थेट वीज पडली तर याचा उपयोग नाही, म्हणून गडगडाट सुरू झाला की केबल काढून ठेवायची सवय त्याला लावली आहे.

जुलैत संततधार लागली तेव्हा मोजणी पुन्हा केली. १.१५ चे १.३ झाले होते. बलूनच्या तीन जाळ्यांच्या जोडावर टेप वरून खाली गुंडाळली होती, आणि पाणी थरांच्या फटीत शिरलं होतं. जोड वाळवला, स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप या वेळी खालून वर गुंडाळली, वळशाचा पोटाचा भाग खाली ठेवला, म्हणजे थेंब तिथूनच गळेल. गणपतीत पुन्हा मोजलं तेव्हा १.१५ होते. आकडा त्यानं पेन्सिलनं शॅकच्या भिंतीवर लिहिलाय, तारखेसह, आणि शेजारी "गच्चीवर मोजलेला" असं.